पाच किलोमीटरवरचा मनोरा

बिराजदार सर वर्गात आले की आधी सगळ्या खिडक्या उघडत. मग फळ्याला पाठ लावून उभे राहत आणि कुणाही एकाकडे बोट करून विचारत, "हा नियम कुणासाठी?" कुठला नियम, ते सांगत नसत. आदल्या दिवशी जो शिकवला तो, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

सोलापूरच्या बाहेर माळावर एक लहान धावपट्टी आहे. तिथं तेव्हा विमान चालवायला शिकवणारी एक खासगी संस्था होती. चार छोटी विमानं, तीसेक विद्यार्थी, पत्र्याचा हँगर आणि एकमजली कचेरी. सर तिथं हवाई नियमांचा विषय शिकवत आणि सकाळी उड्डाणाच्या टेबलाशी बसून नोंदी आणि रेडिओ सांभाळत. हवाई दलात वीस वर्षं बिनतारी संदेशांचं काम करून ते निवृत्त झाले होते. मूळचे दुधनीचे, घर कुंभारीत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन कर्नाटकात गेलेली. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि नियमांचं पुस्तक तेवढं इंग्रजी.

स्वतः त्यांनी कधी विमान चालवलं नव्हतं. एका विद्यार्थ्यानं एकदा हिणवून विचारलं, "सर, तुम्ही उडवलंय का कधी?"

"न्हाय. म्हणून तर एवढं वय झालंय," सर म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

मी तिथं उड्डाणाच्या टेबलावर त्यांची मदतनीस होते. माझे वडील बार्शीच्या अडत बाजारात हमाली करत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि एक परिच्छेद वाचायला सांगितला. मी वाचला. आवाज कापत होता. अर्थ काही लागला नाही.

"इंग्रजी येतंय की तुला," सर म्हणाले. "भीती जास्त येतीय. दुसऱ्यांदा वाच. हळू."

दुसऱ्यांदा वाचल्यावर निम्मं कळलं. निम्मं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून इंग्रजी कागद समोर आला की मी तो दोनदा वाचते. माझ्या कॉलेजनं मला पदवी दिली, वाचायला सरांनी शिकवलं, असं मी आजही म्हणते.

नियमांची परीक्षा पास व्हायला सत्तर टक्के लागतात. बहुतेक मुलं जुन्या प्रश्नांची गाइडं पाठ करत. उत्तर 'ब' आहे एवढं त्यांना ठाऊक असे, का आहे ते नसे. सरांना याची चीड होती. शिकाऊ वैमानिकानं एकट्यानं उडताना शेजारी कुणालाही बसवायचं नाही, असा नियम आहे. "कुणासाठी?" सरांनी विचारलं.

"प्रवाशासाठी, सर. त्याच्या जिवाला धोका म्हणून."

"प्रवासी कुटं हाय? त्याला तर बसूच दिलं न्हाय. नियम तुझ्यासाठी हाय, बाबा. शेजारी कुणी बसला की तू त्याला दाखवायला उडतोस. एकटा असलास की नीट खाली यायला उडतोस."

आकाशात कुणी कुणाला वाट द्यायची हे शिकवायला ते एकदा सात-आठ मुलांना घेऊन शहरातल्या गजबजलेल्या सात रस्ता चौकात गेले होते. मीही गेले. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून सर सांगत होते : समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आडवे आले तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा दिसतो त्यानं वाट द्यायची. मुलं समोरच्या रिक्षा, दुचाक्या, चादरींचे गठ्ठे लादलेल्या सायकली बघत होती. अर्ध्या तासानं केरळचा एक मुलगा म्हणाला, "सर, इथं तर कुणीच कुणाला वाट देत नाही. तरी कुणी धडकत नाही."

"हितं ब्रेक हाय," सर म्हणाले. "वर हाय का?"

तो मुलगा पुढे दिवसभर कुणाशी बोलला नाही.

प्रणाली गायकवाड त्याच तुकडीत होती. सोलापूरचीच. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, समाजकल्याणची शिष्यवृत्ती मिळवून आलेली. तिचं घर शहराच्या अलीकडच्या कडेला होतं, त्यामुळे ती होस्टेलवर न राहता सायकलनं ये-जा करी. सरांच्या प्रश्नाला उलट प्रश्न विचारणारी ती एकटी. "सर, नियम करणाऱ्याला तरी माहीत असतं का, कुणासाठी ते?" सर म्हणाले, "त्याला म्हाईत नसलं तरी चालतंय. तुला पायजे."

संस्थेच्या संचालकांचे मेहुणे एका रविवारी पुण्याहून आले. त्यांना वरून सोलापूर बघायचं होतं. मुख्य प्रशिक्षक रजेवर होते. संचालक म्हणाले, "प्रणाली नेईल की. चांगली चालवते. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

प्रणाली माझ्या टेबलाशी उभी होती. 'नाही' म्हणायची तिची ताकद नव्हती आणि 'हो' तिला म्हणायचं नव्हतं. सरांनी विमानाच्या कागदांची फाइल कपाटातून काढली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. त्या कागदांशिवाय विमान जागचं हलवता येत नाही. मग त्यांनी डबा उघडला आणि कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खायला सुरुवात केली.

"बिराजदार, दहा मिनिटं म्हटलं ना मी."

"दहा मिनिटं पुरतात की, साहेब," सर घास चावत म्हणाले. "त्याच्या आतच होतंय जे व्हायचं ते."

मेहुणे सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परत गेले. संचालक महिनाभर सरांशी बोलले नाहीत. प्रणाली मात्र दुसऱ्या दिवशी घरून त्यांच्यासाठी डबा घेऊन आली. सरांनी तिच्यासमोर तो संपवला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय. आईला सांग."

आता गच्चीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

सकाळी पहिलं विमान सोडण्याआधी किती दूरचं दिसतं ते ठरवावं लागतं. मोठ्या विमानतळांवर त्यासाठी यंत्रं असतात. आमच्याकडे कचेरीची गच्ची होती आणि आमचे डोळे. गच्चीच्या कठड्यावर सरांनी पांढऱ्या रंगानं खुणा लिहिल्या होत्या : देवळाचा कळस एक किलोमीटर, पाण्याची टाकी तीन, उच्चदाबाच्या तारांचा मनोरा पाच. मनोरा दिसला तर एकट्या विद्यार्थ्याला सोडायचं, नाही दिसला तर नाही. हे आकडे संस्थेच्या पुस्तकातच होते.

सरांनी त्यात स्वतःची एक पद्धत घातली होती. दोघांनी बघायचं, पण एकत्र नाही. आधी सर वर जात आणि खाली येऊन आकडा चिठ्ठीवर लिहून उलटा ठेवत. मग मी जायची आणि माझा लिहायची. दोन्ही जुळले तरच रजिस्टरमध्ये आकडा आणि त्यापुढे दोघांच्या सह्या. नाही जुळले तर कमी आकडा खरा. "आपण एकामेकाचं ऐकून बघतो," ते म्हणत. "म्हणून वेगळं बघायचं."

दोन वर्षं आम्ही तसंच केलं. तिसऱ्या वर्षी सरांचा गुडघा धरला. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, पुढे ढकललं, पुन्हा ठरलं. माझी बस कधी उशिरा यायची. कधी फोन चालू असायचा. एक दिवस मी वर न जाता सरांची चिठ्ठी उलटून पाहिली आणि तोच आकडा लिहिला. सरांनी बघितलं. काही बोलले नाहीत. मनोरा तर रोज दिसतच होता. पुढे चिठ्ठ्या बंद झाल्या. सर गच्चीवरून जिना उतरतानाच म्हणत, "लिही, पाच." मी पाच लिहून माझी सही करायची आणि रजिस्टर त्यांच्या सहीसाठी पुढे करायची.

त्या डिसेंबरच्या सकाळीही त्यांनी तेच म्हटलं आणि मी तेच लिहिलं. मुख्य प्रशिक्षकांनी रजिस्टर बघून प्रणालीच्या परवानगीवर सही केली. तिला एकटीनं चार फेऱ्या मारायच्या होत्या : उडायचं, शेताच्या बाजूनं मनोऱ्यापाशी वळायचं, परत येऊन उतरायचं. शहराच्या बाजूला जायचं नाही, हा आमच्या धावपट्टीचा पक्का नियम होता.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत ती मनोऱ्याच्या दिशेला गेली आणि दिसेनाशी झाली. मग रेडिओवर तिचा आवाज आला, शांत, जसं शिकवलं होतं तसा : धावपट्टी दिसत नाही. सरांनी तिला उंची वाढवायला सांगितलं. तिनं ऐकल्याचं कळवलं. त्यानंतर काही आलं नाही. सर दर अर्ध्या मिनिटानं तिचा क्रमांक पुकारत राहिले. मी गच्चीवर धावले. टाकीसुद्धा दिसत नव्हती. देवळाचा कळस तेवढा होता.

विमान शहराच्या बाजूला एका तुरीच्या शेतात पडलेलं सापडलं. प्रणाली जागीच गेली होती.

पडलं ते शहराच्या बाजूला, हेच पुढे सगळ्यांनी धरलं. तिथून तिचं घर दीड-दोन किलोमीटर. दुपारपर्यंत होस्टेलमध्ये बोललं जाऊ लागलं की पोरगी घरावरून चक्कर मारायला गेली. संध्याकाळी संचालकांनी तेच तिच्या वडिलांना दवाखान्याच्या आवारात सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. शहराकडे धुरकं असतंच, तिकडे वळली म्हणून त्यात अडकली, शेताच्या बाजूला सगळं स्वच्छ होतं, आमच्या रजिस्टरमध्ये पाच किलोमीटर लिहिलेलं आहे. वडील नुसते मान हलवत होते. मी तिथं होते. मी गप्प बसले.

चौकशीसाठी दिल्लीहून दोन अधिकारी येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," ते म्हणाले. "एक अक्षर बदलायचं नाही. रजिस्टर जसं आहे तसं. विचारलं तर म्हणायचं, नोंद माझ्या सहीची आहे. आहे ना तुमच्या सहीची?"

"हाय," सर म्हणाले.

"मग झालं. अजून एकोणतीस पोरं आहेत, बिराजदार. संस्था बंद पडली तर ती कुठं जाणार?"

बाहेर आल्यावर सर हँगरच्या सावलीत एका उलट्या बादलीवर बसले. मी उभीच होते.

"शुभांगी, तू त्या दिवशी वर गेली होतीस?"

"नाही, सर."

"मी गेलो होतो. मला मनोरा दिसला. दिसला म्हणजे, तिथं तो हाय हे मला म्हाईत होतं. पांढरं होतं सगळं. माझ्या डोळ्याला रोजच तसं पांढरं असतंय. मनोरा कुटं असतोय तितं मी बघितलं, आन् हाय म्हटलं."

मी म्हटलं, "सर, धुकं नंतर आलं असेल. अचानक येतं."

"आलं असंल. न्हाय तर आधीच असंल. मला म्हाईत न्हाय, तुलाबी न्हाय. बघायचं काम आपलं होतं. पाच लिहिलंय तवर ती पोरगी नियम मोडून मेली. पाच न्हवतं म्हटलं, तर ती वळायची खूण शोधत पुढं गेली आन् वाट चुकली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उद्या सांगणार हाय. माझं सांगताना तुझं येतंय. मला विचारायच्या आत तू सांगितलंस तर तुझं तू सांगितलं असं होईल."

"माझी नोकरी जाईल, सर."

"जाईल की."

एवढंच. 'घाबरू नकोस' म्हणाले नाहीत, 'मी आहे' म्हणाले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी तशीच बसस्टॉपवर चालत गेले. रात्री बार्शीला जाऊन घरी वडिलांना सांगितलं. दिवसभर पोती वाहून आलेला माणूस. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तू वर गेलती का न्हाय?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग तसंच सांग."

दुसऱ्या दिवशी मी आधी गेले. इंग्रजीत लिहून नेलं होतं, दोनदा वाचलेलं. माझ्यानंतर सर आत गेले आणि दोन तासांनी बाहेर आले. आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यातल्या एका अधिकाऱ्यानं नंतर चहा घेताना मला विचारलं, "तुमचे सर नेहमी असेच बोलतात का? आम्ही विचारलं नव्हतं तेही सांगितलं त्यांनी."

आठवड्यात दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. उड्डाणं थांबली. काही महिन्यांनी संस्थेनं विमानं दुसऱ्या राज्यातल्या धावपट्टीवर हलवली. काही मुलं तिकडे गेली, काही शिक्षण सोडून घरी. सात रस्त्यावर गप्प झालेला तो केरळचा मुलगा जायच्या आधी सरांना भेटायला कुंभारीला गेला होता. आत गेला नाही. दारात उभा राहून मोठ्यानं बोलला, की एकीचं नाव धुवायला तुम्ही तीस जणांचं वाटोळं केलं. शेजाऱ्यांनी ऐकलं. सर आतून म्हणाले, "बरोबर हाय." तेही शेजाऱ्यांनी ऐकलं.

अहवाल यायला सव्वा वर्ष लागलं. मी तोवर बार्शीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. सरांचा फोन आला. "आला कागद. तिच्या वडिलांकडं जायचं हाय. यायचं असलं तर ये."

अहवालात लिहिलं होतं की उड्डाणाच्या वेळी दिसण्याचं अंतर मर्यादेपेक्षा कमी असण्याची दाट शक्यता आहे, नोंद प्रत्यक्ष न पाहता केली गेली आणि शिकाऊ वैमानिकानं जाणूनबुजून नियम मोडल्याचा पुरावा नाही. सरांनी त्या ओळींचं मराठी करून स्वच्छ अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून आणलं होतं. खाली स्वतःचं नाव लिहून, 'ही नोंद मी केली' असं पुढे जोडलं होतं. त्याच्याखाली त्यांनी जागा सोडली होती. मी तिथं माझं नाव लिहिलं.

गायकवाडांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्याखाली प्रणालीचा गणवेशातला फोटो. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मला वाटतं, ते शिव्या खायला आले होते. तशीच तयारी करून आल्यासारखे ताठ बसले होते.

गायकवाडांनी सरांचा कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. मग विचारलं, "इंजिन चालू होतं का शेवटापर्यंत?"

"व्हय. इंजिनात कायबी बिघाड न्हवता."

"हां," ते म्हणाले. मेकॅनिक माणूस, तेवढं त्यांनी मनात कुठंतरी ठेवून दिलं. मग आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सर, तुमी आला, बरं झालं. तुमी खरं सांगितलं त्यात तुमचं काय राहिलं नाही, हेबी ऐकलंय मी. पण एक सांगतो. तुमचे साहेब म्हनाले होते, पोरगी घर बघायला वळली. मला लई राग आला होता. पण हिच्या आईनं ते धरून ठेवलं. रोज सकाळी दारात उभी राहती. म्हनती, शेवटाला आपल्याकडंच येत होती की ओ. आपलं पत्र्याचं घर तिनं वरनं बघितलं असंल." त्यांनी कागदाची घडी घातली. "हितं लिवलंय, तिला कायच दिसत नव्हतं."

त्यांचे हात गुडघ्यांवर होते, तसेच राहिले.

आतून प्रणालीची आई चहा घेऊन आली. आम्ही कोण ते तिला ठाऊक होतं, कशाला आलो ते नव्हतं. "साखर लागली का?" तिनं सरांना विचारलं. सरांनी मान हलवली आणि कप दोन्ही हातांनी धरून चहा संपवला. ती सरांकडे बघून हसली आणि म्हणाली, तुमचं नाव रोज निघायचं घरात.

गायकवाड आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. तिथं त्यांनी तो कागद सरांच्या हातात परत दिला. "तुमच्याकडंच असू द्या," ते म्हणाले. "खरं हाय, मला कळलं. पण घरात नको." आणि नमस्कार करून वळले.

आम्ही स्टॉपवर उभे राहिलो. मला बार्शीची गाडी धरायची होती. मी म्हटलं, "सर, आपण बरोबर केलं ना?" कुंभारीची बस आली. कंडक्टरनं "चला, मामा" म्हणून हाक मारली. सर जागचे हलले नाहीत. बस गेली. मी रिक्षात बसले आणि मागच्या काचेतून बघितलं. दुसरी बस येऊन त्यांच्यापुढे थांबली होती. ती निघून गेली तेव्हाही सर तिथंच उभे होते, कागद हातात धरून, गायकवाडांच्या गल्लीकडे तोंड करून.

पावसाळ्यात ते गेल्याचं मला दुधनीच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, तेव्हा माती होऊन महिना झाला होता. स्टॉपवरच्या त्या दिवसानंतर मी सरांना पाहिलं नाही.